रिदम गेम खेळताना नजर कोठे ठेवावी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा बडोद्याला, आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आठ दिवस राहायला आला होता आणि त्याचा बराचसा वेळ लॅपटॉपवर ओसू मॅनिया या रिदम गेमचे, म्हणजे गाण्याच्या तालावर कळा दाबायच्या खेळाचे, चार कळांचे चार्ट (गाण्यावर बसवलेल्या नोटांच्या मांडण्या) खेळण्यात जात होता. त्याची बोटे चांगली चालतात. मेजावर नुसता ताल धरायला सांगितला तर दुगुन-चौगुन तो सहज वाजवतो. तरीही पडद्यावर नोट्स, म्हणजे आपापल्या लेनमधून (उभ्या पट्टीतून) खाली सरकणाऱ्या खुणा, जरा दाट झाल्या की त्याचा कॉम्बो (न चुकता लागलेल्या नोटांची सलग साखळी) तुटे आणि "आत्या, बोटंच चालत नाहीत," असे तो वैतागून म्हणे. एकदा मी पडद्याकडे पाहायचे सोडून त्याच्या डोळ्यांकडे पाहत बसले, तेव्हा कारण समजले. त्याची बुबुळे सेकंदाला दोन-तीनदा खालीवर होत होती: जजमेंट लाइनवर (नोट जेथे पोचताच कळ दाबायची त्या रेघेवर), मग वरून येणाऱ्या नव्या नोटवर, मध्येच कॉम्बोच्या आकड्यावर आणि पुन्हा खाली. बोटांना वेळेवर निरोप पोचवायचा तो डोळ्यांनी, आणि इथे डोळ्यांनाच उसंत नव्हती.

ही सवय मलाही होती आणि ती मोडायला मला काही महिने लागले. त्या काळात जे कळले ते येथे क्रमाने मांडते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की नजरेला एकच ठरलेली जागा द्यावी, ती जजमेंट लाइनच्या बरीच आधी असावी, आणि कोणती कळ दाबायची हे डोळ्याने तर ती केव्हा दाबायची हे कानाने ठरवावे. बाकी सारे या वाक्याचे तपशील आहेत, परंतु खेळ सुधारतो तो त्या तपशिलांनीच.

डोळ्याचा आवाका

हात पूर्ण लांबवून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याची रुंदी डोळ्याशी सुमारे दोन अंशांचा कोन करते आणि आपल्याला खरोखर स्पष्ट, अक्षर वाचता येईल इतके स्पष्ट, दिसणारे क्षेत्र जवळपास तेवढेच असते. संगणकाचा पडदा ६० सेंटिमीटरवर असेल तर हे क्षेत्र जेमतेम दोन सेंटिमीटरचे होते, आणि मोबाइल ३० सेंटिमीटरवर धरला तर एका सेंटिमीटरचे. त्याबाहेरचे सारे आपण कडेच्या नजरेने पाहतो. कडेच्या नजरेला बारकावे कळत नाहीत, दाटीने बसलेल्या वस्तू तिला वेगळ्या करता येत नाहीत, पण हालचाल आणि जागा मात्र ती चांगली टिपते. नोट कोणत्या लेनमध्ये आहे एवढेच जाणून घ्यायचे असेल तर ही नजर पुरते. नोटवर काही वाचायचे नसतेच.

दुसरी गोष्ट नजर हलवण्याच्या किमतीची. डोळा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो तेव्हा प्रत्यक्ष उडीला तीस-चाळीस मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो, म्हणूनच आरशात आपल्याला आपलेच डोळे हलताना कधी दिसत नाहीत. उडी घ्यायचे ठरल्यापासून डोळा सुटेपर्यंत आणखी सुमारे २०० मिलिसेकंद जातात. आता हिशेब करून पाहा. १८० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १८० मात्रांच्या, गाण्यात एका मात्रेत चार नोट्स असतील तर दोन नोटांमधले अंतर ८३ मिलिसेकंदांचे असते. म्हणजे कॉम्बोचा आकडा पाहून परत यायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात पाच-सहा नोट्स नीट न पाहताच लाइनीवर येऊन पोचतात. त्यांतल्या काही अंदाजाने लागतात, एखादी चुकते, आणि आपण दोष बोटांना देतो.

बैठक, पडदा आणि आवाज

नजरेच्या अभ्यासाआधी पंधरा मिनिटे बैठकीला द्यावीत. पडदा हातभर अंतरावर असावा आणि नजरेची जी जागा आपण पुढे ठरवणार आहोत ती डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित खाली यावी. लॅपटॉपचा पडदा फार खाली जातो, म्हणून त्याच्याखाली एखादी जाड वही ठेवून कळफलक वेगळा जोडला तर मान सरळ राहते. ज्यांना माझ्यासारखा प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे त्यांनी मात्र उलट करावे. या काचेत दूरचे वरच्या भागातून आणि जवळचे खालच्या भागातून दिसते, त्यामुळे उंच पडद्याकडे पाहताना हनुवटी नकळत वर जाते आणि अर्ध्या तासात मानेला कळ लागते. अशांनी पडदाच खाली घ्यावा. पडद्याच्या अंतरासाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून मिळतो. रोज खेळणाऱ्याने डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारावे.

आमच्या घरात मागच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ नेमकी पडद्याच्या मध्यावर उमटत असे आणि नजर तिच्यावर अडकत असे. मेज एक हात सरकवल्यावर हा त्रास गेला. खेळण्याआधी पडदा बंद असताना त्यात काय प्रतिबिंबित होते ते एकदा पाहून घ्यावे.

पडद्याचा रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ असेल तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद एकाच जागी थांबते. नजर नोटेमागे धावत असेल तर डोळा पुढे सरकत राहतो, चित्र मात्र थबकलेले असते, आणि नोटेची कड पुसट दिसू लागते. १२० किंवा १४४ हर्ट्झच्या पडद्यावर हा दोष बराच कमी होतो. नवा पडदा घेण्याची ऐपत नसेल तरी नजर स्थिर ठेवली की त्या पुसटपणाचा उपद्रव फारसा जाणवत नाही.

आवाजाबाबत मात्र तडजोड नको. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज अनेकदा शंभर ते दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो आणि मग कान जे सांगतो ते डोळ्याशी जुळत नाही. त्या गोंधळात सापडलेला खेळाडू नाइलाजाने जजमेंट लाइनीकडे टक लावून बसतो, कारण खरे काय ते तेथेच ठरते असे त्याला वाटते. वायरचा हेडफोन वापरावा. त्यानंतर गेममधला ऑफसेट, म्हणजे आवाज आणि चित्र यांतली वेळेची तफावत भरून काढणारा आकडा, जुळवून घ्यावा आणि तो जुळवताना डोळे मिटून, केवळ ठोक्यावर कळ दाबावी.

आधी आपली सवय तपासा

आपण कोठे पाहतो हे आपल्याला सहसा ठाऊक नसते. मोबाइलचा कॅमेरा स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवून पडद्याशेजारी उभा करावा, नेहमीचे एक गाणे खेळावे आणि नंतर ते चित्रण निम्म्या वेगाने पाहावे. बुबुळे किती वेळा हलतात ते मोजावे. माझ्या पहिल्या चित्रणात एका मिनिटात साठाच्या वर उड्या निघाल्या. शिवाय चूक झाली की लगेच डोळे खाली जात होते, जणू सांडलेले दूध पाहायला. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत, पुढे ते उपयोगी पडतात.

जागा कशी ठरवावी

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून तो सावकाश वाचावा. येथे वरून खाली नोट्स पडणाऱ्या गेमचा विचार करते. कोनामीच्या १९९७ च्या बीटमॅनियापासून चालत आलेली ही मांडणी आज संगणकावर आणि मोबाइलवर सर्वांत जास्त दिसते.

प्रथम एक नोट पडद्यावर उगवल्यापासून लाइनीपर्यंत पोचायला किती वेळ घेते ते काढावे. काही गेम हा आकडा दाखवतात. बीटमॅनिया टू डीएक्समधला "हिरवा आकडा" हेच सांगतो. त्यात १० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, म्हणून ३०० म्हणजे बरोबर अर्धा सेकंद. आकडा मिळत नसेल तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमने चित्रण करून फ्रेम मोजाव्यात. १४४ फ्रेम भरल्या तर वेळ ६०० मिलिसेकंद झाला.

आता दुसरा आकडा आपल्या शरीराचा. काहीतरी दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, आणि चार कळांपैकी कोणती हे ठरवायचे असेल तर त्याहून थोडे अधिक. हिशेबासाठी ३०० धरू. याचा सरळ अर्थ असा की लाइनीवर येऊन ठेपलेली नोट पाहून ती वेळेवर दाबणे शक्यच नसते. लाइनीकडे पाहणारा माणूसही प्रत्यक्षात आधी कडेच्या नजरेने टिपलेल्या नोटाच वाजवत असतो. त्याची स्पष्ट नजर मात्र ज्या नोटेबद्दल आता काहीही करता येणार नाही तिच्यावर खर्च होत असते.

म्हणून ज्या ठिकाणी नोटेला लाइनीपर्यंत पोचायला अजून सुमारे ३०० मिलिसेकंद आहेत ते ठिकाण नजरेसाठी निवडावे. लेन २४ सेंटिमीटर उंच आणि वेळ ६०० मिलिसेकंद असेल तर ही जागा लाइनीपासून १२ सेंटिमीटर वर, म्हणजे बरोबर मध्यावर येते. वेळ ९०० असेल तर ती खालच्या एक तृतीयांशावर येते, आणि ४५० असेल तर दोन तृतीयांश वर जाते. वेग वाढवला की नजर वर न्यावी लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. वेग बदलून नजर जुन्याच जागी ठेवली की "हा स्पीड मला झेपत नाही" असे वाटू लागते. दोन-तीन दिवस खेळल्यावर या जागेपासून बोटभर खाली किंवा वर सरकून पाहावे. कडेची नजर वरच्या ओळीही टिपत असल्यामुळे बहुतेकांना हिशेबापेक्षा किंचित खालची जागा सोयीची वाटते. मी स्वतः पाऊण इंच खाली स्थिरावले.

जागा ठरली की ती खुणेने पक्की करावी. लेनच्या डाव्या-उजव्या बाजूला, पडद्याच्या काचेवर, मी दोन काळ्या टिकल्या लावल्या. टिकली काचेला धरते, निघताना डाग सोडत नाही आणि नोटांच्या वाटेत येत नाही. दोन टिकल्यांना जोडणारी एक अदृश्य दोरी बांधली आहे असे समजावे आणि नजर त्या दोरीच्या मध्यावर टेकवावी. टेकवावी हा शब्द मी जाणून वापरते आहे. रोखून धरलेली नजर एका नोटेला चिकटते आणि तिच्याबरोबर खाली ओघळते; टेकवलेली नजर जागेवर राहते आणि नोट्स तिच्यातून वाहून जातात. नवरात्रात येथल्या गरब्याच्या मैदानात हाच फरक दिसतो. नवखा माणूस स्वतःच्या पावलांकडे पाहत फिरतो आणि धक्के खातो. सरावलेल्या माणसाची नजर पुढच्या दोन-तीन पाठींवरून सैल फिरत असते आणि पाय आपोआप त्यांच्याशी जुळत राहतात.

लग्नपत्रिकेची पट्टी

नुसत्या निश्चयाने डोळे ऐकत नाहीत, त्यांना खालचे दिसूच द्यायचे नसते. घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच. त्यांतल्या जाड पुठ्ठ्याची, लेनच्या रुंदीपेक्षा थोडी मोठी अशी पट्टी कापावी आणि जजमेंट लाइन व तिच्या वरचा दोन सेंटिमीटर भाग झाकेल अशी ती चिकटपट्टीने पडद्याच्या कडेला बसवावी. ज्या गाण्यात एकही चूक होत नाही असे सोपे गाणे निवडावे. पहिली दोन मिनिटे आंधळेपणा आल्यासारखे वाटेल, नोट पट्टीआड गेली की मन घाबरेल आणि बोट घाईने पडेल. त्या घाईकडे लक्ष द्यावे. नोट पट्टीमागे गेल्यापासून लाइनीपर्यंतचा वेळ आता कानालाच मोजावा लागतो, आणि तो कान मोजतोही.

तीन-चार दिवसांनी पट्टी आणखी दोन सेंटिमीटर वर न्यावी. ती टिकल्यांच्या खाली तीन-चार सेंटिमीटरपर्यंत येईतो हा सराव करावा, मग पट्टी काढून टाकावी. अनेक गेममध्ये हीच सोय हिडन नावाने असते, त्यात नोट लाइनीपूर्वीच दिसेनाशी होते. परंतु पुठ्ठ्याची जागा आपल्या मनाप्रमाणे मिलिमीटरने सरकवता येते, म्हणून मला तो बरा वाटतो. उलट ज्यांची नजर पार वर, नोट जेथे उगवते तेथे पळते, त्यांनी पट्टी वरच्या बाजूला लावावी. बीटमॅनिया टू डीएक्सचे कसलेले खेळाडू लेनचा वरचा भाग गेममधल्याच आवरणाने झाकून खेळतात त्यामागे हेही एक कारण आहे: वर पाहायला काही उरलेच नाही तर नजर वर जाणार कशाला?

स्क्रोल स्पीड

स्क्रोल स्पीड म्हणजे नोट्स पडद्यावर सरकण्याचा वेग. नवशिक्याला वाटते की नोट्स हळू आल्या तर सोपे जाईल. गाणे तेच आणि ठोके तेच असतात; स्पीड कमी केल्याने फक्त नोट्स एकमेकींच्या जवळ येतात. वरच्याच १८० बीपीएमच्या गाण्यात, २४ सेंटिमीटरच्या लेनवर, नोटेला एक सेकंद दिला तर दोन ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर राहते आणि बारा ओळी एकाच वेळी दिसतात. तोच वेळ ६०० मिलिसेकंदांवर आणला तर अंतर सव्वातीन सेंटिमीटरच्या थोडे वर जाते आणि सातच ओळी उरतात. कडेच्या नजरेला दाटी उलगडत नाही हे आपण पाहिले, त्यामुळे थोडा वाढवलेला स्पीड वाचनाला सोपा पडतो. वाढ मात्र चिमटीचिमटीने करावी. मी दर आठवड्याला सुमारे ३० मिलिसेकंद कमी करत गेले आणि प्रत्येक वेळी टिकल्या थोड्या वर सरकवल्या. गाण्यात लय बदलली की ज्यांचा स्क्रोलही बदलतो अशा चार्टसाठी स्टेपमॅनियासारख्या गेममध्ये स्थिर वेगाची सोय आहे. शिकताना तीच वापरावी.

कानाकडे सोपवायचे काम

डोळा जागेवर बसला की केव्हा दाबायचे हा प्रश्न उरतो, आणि येथे मला माझे तबल्याचे दिवस उपयोगी पडले. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्याकडे सोपवून सुरू केलेली गायनशाळा आज बडोद्याच्या विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे. सुरसागराजवळून जाताना तेथील लहऱ्याचा आवाज कानावर पडला की हात आपोआप मांडीवर जातो. लहऱ्यावर एकल वाजवणारा तबलजी समेची जागा डोळ्याने शोधत नाही. पेटीवर फिरणारी ती एकच ओळ त्याला सतत सांगत असते की आपण आवर्तनात कोठे आहोत, आणि त्या आधारावर त्याचे बोल मोकळे सुटतात. रिदम गेममध्ये गाणे हाच लहरा आहे.

याचा सराव असा करावा. निवडलेले गाणे आधी पडद्याविना तीन वेळा ऐकावे आणि मेजावर मात्रा धराव्यात. नंतर पडद्यावर तोच चार्ट आपोआप वाजू द्यावा, बहुतेक गेममध्ये ऑटो नावाने ही सोय असते, आणि टिकल्यांच्या दोरीवर नजर टेकवून तोंडाने केवळ तालाचे बोल म्हणावेत, बोटे स्वस्थ ठेवावीत. त्यानंतर खेळावे. कळ दाबल्यावर गेम जो हिटसाउंड वाजवतो तो चालू ठेवावा, पण गाण्यापेक्षा हलका. तो मोठा असेल तर कान स्वतःच्या चुकांच्या मागे लागतो. नजर स्थिर असताना ठोके सतत लवकर पडत असतील तर बहुधा आपण अजूनही डोळ्याच्या घाईने दाबत आहोत, आणि सतत तेवढ्याच प्रमाणात उशिरा पडत असतील तर ऑफसेट पुन्हा तपासावा.

जोडाक्षरांसारखे वाचन

स्थिर नजरेतून नोट्स वाहताना त्या एकेक करून मोजल्या तर लवकरच दमछाक होते. मराठी वाचताना आपण काना, वेलांटी, रफार सुटे सुटे पाहत नाही. "महाराष्ट्र" हा शब्द शिरोरेषेसकट एक चित्र म्हणून उचलतो. तसेच येथे करायचे आहे. पहिल्या आणि तिसऱ्या लेनमधली एकत्र नोट ही एक जोडी. एक-दोन-तीन-चार असा ओळीने येणारा क्रम हा जिना. दोन लेनमध्ये आलटून पालटून येणाऱ्या नोट्स म्हणजे ट्रिल, आणि एकाच लेनमध्ये लागोपाठ येणाऱ्या म्हणजे जॅक. दर दिवशी एकच आकृती निवडावी, तिचा सोपा चार्ट लावावा आणि ती दोरीवरून जाताना मनात तिचे नाव घ्यावे. काही दिवसांनी नाव घ्यायला वेळ मिळत नाही आणि गरजही उरत नाही. स्वरलिपी पाहून वाजवणाऱ्याचे डोळेही हाताच्या पुढे, काही स्वर आधी असतात. हातापाशी थांबलेले डोळे त्यालाही अडखळवतात.

इतर मांडणीचे गेम

डान्स डान्स रेव्होल्यूशनमध्ये बाण खालून वर जातात आणि लक्ष्य वरच्या बाजूला असते, त्यामुळे सारा हिशेब उलटा करून नजर लक्ष्याच्या खाली टेकवावी. येथे बोटाऐवजी पाय आणि शरीराचे वजन हलवायचे असते, म्हणून ३०० ऐवजी ४०० मिलिसेकंद धरणे मला योग्य वाटते. ताइको नो तात्सुजिनमध्ये नोट्स उजवीकडून डावीकडे येतात. लक्ष्यवर्तुळाच्या उजवीकडे नजर ठेवावी आणि लाल-निळा रंग कडेच्या नजरेलाही पुरेसा कळतो यावर विश्वास ठेवावा. गिटार हिरोसारख्या गेममध्ये लेन दूरवर निमुळती होत जाते, वरच्या टोकाला नोट्स बारीक आणि दाट दिसतात, म्हणून तेथे जागा थोडी खालची निवडावी लागते. बीट सेबरमध्ये ठोकळे समोरून अंगावर येतात. त्यांच्या मागे नजर ओढली गेली की तलवार उशिरा फिरते. ते जेथे स्पष्ट ओळखू येऊ लागतात त्या खोलीवर नजर ठेवावी.

ओसूच्या मूळ प्रकारात, म्हणजे जेथे वर्तुळे पडद्यावर कोठेही उगवतात तेथे, एकच स्थिर जागा चालत नाही. तेथे नजर हलवावीच लागते, पण ती कर्सरच्या पुढे राहावी. कर्सर कोठे आहे हे हाताला ठाऊक असते, त्याच्याकडे पाहू नये. आताचे वर्तुळ दाबण्याच्या क्षणी नजर पुढच्या वर्तुळावर पोचलेली असावी, आणि आवळत येणारे बाहेरचे वर्तुळ वेळ सांगत असले तरी खरी वेळ कानावरच सोडावी. वर्तुळ उगवल्यापासून दाबेपर्यंतचा अवधी एप्रोच रेटवर ठरतो: ५ ला तो १२०० मिलिसेकंद, ९ ला ६०० आणि १० ला ४५० असतो. ५ च्या मॅपमध्ये (ओसूच्या या प्रकारातल्या चार्टमध्ये) बरीच वर्तुळे एकदम दिसतात, म्हणून क्रमांक आणि जोडरेषा पाहून वाट ठरवावी. १० च्या मॅपमध्ये तेवढी सवड नसते आणि ओळखीच्या आकृत्याच तारतात. सायटसमध्ये आडवी रेघ वरखाली सरकते. तेथे नजर रेघेच्या पुढे, ती ज्या दिशेने जात आहे त्या बाजूला हवी, आणि रेघ कडेला पोचण्यापूर्वीच नजरेने दिशा बदललेली असावी.

नजर ओढणाऱ्या वस्तू

चमकणाऱ्या आणि बदलणाऱ्या गोष्टींकडे डोळा आपल्या इच्छेविना वळतो. म्हणून मागे चालणारा व्हिडिओ बंद करावा, पार्श्वभूमी पूर्ण काळी करावी आणि नोटेभोवतीच्या ठिणग्या कमी करता येत असतील तर कराव्यात. परफेक्ट-ग्रेट-मिस ही अक्षरे अनेक गेममध्ये नेमकी लेनच्या मध्यावर उमटतात. स्किन (गेमचे दृश्य रूप) बदलून ती लाइनीच्या खाली न्यावीत आणि कॉम्बोचा आकडा शक्य असेल तर लपवावा. भाच्याला हे फार जड गेले. आकडा वाढताना दिसला नाही तर खेळण्यात मजा काय, असे त्याचे म्हणणे होते. मी त्याला सांगितले की गाणे संपल्यावर निकालाच्या पानावर तो आकडा दिसतोच, आणि त्या पहिल्याच संध्याकाळी त्याच्या एका नेहमीच्या गाण्यातल्या चुका बावीसवरून नऊवर आल्या.

डोळ्यांची निगा

एकाग्रतेने पडद्याकडे पाहताना पापण्या लवणे कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. गाण्यातल्या मोकळ्या जागा आधीच ओळखून तेथे मुद्दाम पापणी मिटावी. पापणी लवण्यात दशांश सेकंद किंवा अधिक जातो, तेव्हा दाट जागी ती लवू नये हेच बरे. दर वीस मिनिटांनी उठून खिडकीतून सहा मीटरपलीकडचे काहीतरी निदान वीस सेकंद पाहावे.

स्थिर नजरेने खेळणाऱ्याला एक विचित्र अनुभव हमखास येतो आणि त्याला भिऊ नये म्हणून सांगते. गाणे संपल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले तर ते वर सरकत असल्याचे वाटते, तारखा मात्र जागच्या जागी असतात. बराच वेळ एकाच दिशेची हालचाल पाहिल्याने ती टिपणाऱ्या पेशी थकतात आणि विरुद्ध दिशेचा भास होतो. रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ मध्ये स्कॉटलंडमधला फॉयर्सचा धबधबा पाहून शेजारच्या खडकांविषयी हेच लिहून ठेवले होते. थोड्याच वेळात हा भास ओसरतो. तो येऊ लागला तर नजर खरोखर जागेवर टिकत आहे असे मी धरते, कारण नोटेमागे धावणाऱ्या डोळ्याला तो फारसा होत नाही. डोके दुखणे, एकाचे दोन दिसणे किंवा डोळ्यांसमोर प्रकाश चमकणे ही मात्र वेगळी लक्षणे आहेत. तेव्हा खेळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.

चुकल्यानंतरची नजर

रोज अर्धा तास, त्यात दहा मिनिटे पट्टीचा सराव आणि उरलेला वेळ आपल्या पातळीपेक्षा एक पायरी खालची गाणी, एवढे तीन आठवडे केले की नजर बऱ्यापैकी बसते. तरीही एक प्रसंग शेवटपर्यंत त्रास देतो. एक नोट चुकते, डोळे ती पाहायला खाली जातात, आणि ते वर येईपर्यंत आणखी पाच नोट्स जातात. अवघड गाण्यात खेळ मोडतो तो बहुधा येथेच, मूळ चुकीने नव्हे. यासाठी मुद्दाम चुकण्याचा सराव करावा. सोप्या गाण्यात दर आठव्या मात्रेला एक नोट जाणूनबुजून सोडून द्यावी आणि नजर टिकल्यांच्या दोरीवरून हलू देऊ नये. स्वतःचे पुन्हा चित्रण करून बुबुळे हलली का ते पाहावे. दाट जागी हात पूर्णच सुटला तर तुकड्यातुकड्याने पकडायला जाऊ नये. बोटे कळांवर हलकी ठेवावीत, गाण्यातली पुढची सम ऐकू येईपर्यंत चार मात्रा जाऊ द्याव्यात, आणि समेची नोट दोरीवरून खाली गेली की हात पुन्हा सुरू करावा.